दोन औषधं मिळून दिली, म्हणून ताप उतरला?

प्रश्न: माझे पती ४१ वर्षांचे आहेत, वजन ६४ किलो. मागे त्यांना फाल्सिपेरम मलेरिया निघाला. डॉक्टरांनी आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिनच्या गोळ्या तीन दिवस आणि प्रायमाक्विन एकदाच, असं लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारीही ताप १०२ होता आणि दोनदा उलटी झाली. धाकट्या दिरांना पूर्वी व्हायव्हॅक्स मलेरिया झाला होता, तेव्हाच्या क्लोरोक्विनच्या गोळ्या घरात उरल्या होत्या. दिरांच्या सांगण्यावरून त्यातल्या चार गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी ताप गेला. घरातले सगळे म्हणतात, दोन्ही औषधं मिळून दिली म्हणूनच उतरला. आज अठरावा दिवस आहे. ताप नाही, पण थकवा आहे आणि काल केलेली कार्ड टेस्ट अजून पॉझिटिव्ह आली. आता क्विनिनचा कोर्स करून टाकावा असं दिरांचं मत आहे. डॉक्टरांनी स्वतःच दोन-तीन औषधं एकत्र दिली होती, मग आपण एखादं वाढवलं तर काय बिघडतं? सासूबाई सांधेदुखीसाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घेतात, त्यांना मलेरिया झाला तर काय करायचं? आणि तीन वर्षांच्या मुलीसाठी काही गोळ्या घरात ठेवाव्यात का?

उत्तर: आधी निकडीचं. क्विनिन सुरू करू नका. ताप नसताना फक्त कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून दुसरा कोर्स करायचा नसतो. फाल्सिपेरमची बहुतेक कार्डं परजीवीला पकडत नाहीत, त्यानं रक्तात सोडलेलं एचआरपी-२ नावाचं प्रथिन पकडतात. परजीवी मेल्यानंतरही हे प्रथिन कित्येक आठवडे रक्तात राहतं. सतरा-अठराव्या दिवशी अशी टेस्ट पॉझिटिव्ह येणं म्हणजे भाडेकरू घर सोडून गेला तरी दारावरची पाटी तशीच असणं. औषध लागू पडलं की नाही, हे पाहायला रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावी लागते. काचेवर फक्त ‘गॅमिटोसाइट’ दिसले, तर तेही कोर्स फसल्याचं लक्षण नाही. त्या अवस्थेतले परजीवी माणसाला आजारी पाडत नाहीत, डासामार्फत पुढे पसरतात. प्रायमाक्विनचा तो एक डोस त्यांच्यासाठीच होता.

थकवा मलेरियानंतर दोन-चार आठवडे रेंगाळतो. तरी काच तपासाल तेव्हा हिमोग्लोबिनही बघून घ्या. मलेरियात तांबड्या पेशी फुटतात, आणि प्रायमाक्विन घेतलेलं आहे म्हणून हे बघणं आणखी गरजेचं.

आता ताप नक्की कशानं उतरला ते पाहू. आर्टेमिसिनिन गटातल्या औषधानं (आर्टेमेथर त्यातलंच) परजीवींची संख्या दर दोन दिवसांच्या चक्रात साधारण दहा हजार पटींनी घटते. तरीही ताप लगेच जात नाही, कारण आधीच फुटलेल्या पेशींतून बाहेर पडलेला मालमसाला शरीर निस्तरत असतं. पहिल्या डोसनंतर ४८ तास, कधी ७२ तासही ताप चढ-उतार करत राहतो. तुम्ही क्लोरोक्विन दिलंत तेव्हा जेमतेम तीस तास झाले असतील. तिसऱ्या दिवशी ताप तसाही उतरणारच होता. शिवाय जगाच्या बहुतेक भागांत फाल्सिपेरम क्लोरोक्विनला दाद देत नाही. या प्रतिकाराच्या पहिल्या नोंदी १९५०च्या दशकाच्या अखेरीच्या आहेत, आणि फाल्सिपेरमसाठी हे औषध बहुतेक ठिकाणी मागे पडलं ते त्यामुळेच. थोडक्यात, त्या चार गोळ्यांचा फायदा जवळपास शून्य होता. धोका मात्र खरा होता.

डॉक्टरांनी एकत्र दिलेली औषधं आणि घरी वाढवलेलं औषध यांत फरक काय, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. मलेरियावर एकाहून जास्त औषधं एकत्र देणं वावगं नाहीच. उलट फाल्सिपेरमवर एकटं औषध देणं चूक मानतात. आर्टेमिसिनिन गटातल्या एकट्याच औषधाच्या तोंडी गोळ्या बंद कराव्यात, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये सांगितलं. प्रश्न औषधं किती आहेत हा नाही. जोडी कोणाकोणाची, आणि कोण शरीरात किती दिवस मुक्काम करतो, हे पाहावं लागतं.

आर्टेमेथर दोन-तीन तासांत निम्मं होतं. ते जोरात मारतं आणि निघून जातं. मागे उरलेले परजीवी टिपायला सोबत सावकाश जाणारं औषध लागतं. तुमच्या पतींच्या गोळीत ते काम ल्युमेफॅन्ट्रिन करत होतं. त्याचं प्रमाण निम्मं व्हायला तीन ते सहा दिवस लागतात. आर्टेसुनेट-अमोडियाक्विन, आर्टेसुनेट-मेफ्लोक्विन, डायहायड्रोआर्टेमिसिनिन-पिपेराक्विन, आर्टेसुनेट-पायरोनारिडिन या जोड्यांतही वेगवान आणि सावकाश अशी हीच वाटणी असते. या जोड्या हजारो रुग्णांवर तपासून, दोन्ही औषधांची मात्रा एकमेकांशी जुळवून ठरवल्या आहेत. प्रायमाक्विनचं काम वेगळं, म्हणून ते यांच्या कामात आडवं येत नाही. क्विनिनसोबत सात दिवस डॉक्सिसायक्लिन किंवा क्लिंडामायसिन देणं, व्हायव्हॅक्समध्ये क्लोरोक्विनसोबत प्रायमाक्विन देणं, गंभीर रुग्णाला शिरेतून आर्टेसुनेट देऊन तो गोळ्या गिळू लागला की तीन दिवसांचा पूर्ण तोंडी कोर्स करणं, या सगळ्या मान्य पद्धती आहेत.

तुमच्या घरात झालं ते निराळं. ल्युमेफॅन्ट्रिनच्या जोडीला आणखी एक लांब मुक्कामाचं औषध आलं, तेही हृदयाच्या ठोक्यावर परिणाम करणारं. ईसीजीवर ‘क्यू-टी’ नावाचं एक अंतर मोजतात. ठोका सुरू झाल्यापासून हृदयाचे खालचे कप्पे पुढच्या ठोक्यासाठी सज्ज होईपर्यंतचा तो वेळ. क्लोरोक्विन, क्विनिन, पिपेराक्विन आणि हॅलोफॅन्ट्रिन ही औषधं तो लांबवतात. एकट्या ल्युमेफॅन्ट्रिनचा परिणाम फारच थोडा असतो. अशी दोन औषधं एकाच वेळी रक्तात असली की परिणामांची बेरीज होते. अंतर फार लांबलं तर ठोके अचानक बेताल होऊन माणूस कोसळू शकतो. यांत सर्वांत वाईट लौकिक हॅलोफॅन्ट्रिनचा. आता ते फारसं वापरात नाही. पण कुठे हाती आलंच, तर ते मेफ्लोक्विनसोबत किंवा त्याच्या मागोमाग घेणं जिवावर बेतू शकतं. त्याच्या आणि आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिनच्या मध्ये निदान महिनाभराचं अंतर हवं.

उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम घसरलेलं असेल तर हा धोका वाढतो, आणि मलेरियात उलट्या होतातच. उलटी थांबवायला सर्रास दिली जाणारी ऑन्डान्सेट्रॉन आणि डोम्पेरिडोन ही औषधंही क्यू-टी लांबवतात. अॅझिथ्रोमायसिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन, फ्लुकोनाझोल आणि मानसिक आजारांवरची काही औषधंही त्याच यादीत येतात. म्हणून मलेरियाच्या औषधांपुरताच विचार पुरत नाही. ‘सोबत साधी अँटिबायोटिक घेतली’ हेसुद्धा डॉक्टरांना सांगायचं असतं.

चार गोळ्या घेऊन झाल्या आहेत, त्याचं काय? २५० मिलिग्रॅमच्या एका क्लोरोक्विन फॉस्फेट गोळीत मूळ औषध १५० मिलिग्रॅम असतं. म्हणजे चार गोळ्यांत ६०० मिलिग्रॅम, प्रौढ माणसाच्या पहिल्या दिवसाच्या नेहमीच्या डोसइतकं. विषबाधेची ही मात्रा नाही. ठोक्यांचा धोका पहिल्या काही दिवसांत जास्त असतो आणि ते दिवस निघून गेले आहेत. मात्र क्लोरोक्विन शरीरात निम्मं व्हायलाच महिना-दोन महिने लागू शकतात. त्यामुळे आज क्विनिन सुरू केलं, तर ते क्लोरोक्विनच्या शिलकीवर पडेल. ‘तो कोर्स कधीच संपला’ हे हिशेबात धरून चालत नाही, कारण पट्टी संपली म्हणजे औषध संपलं असं या गटात होत नाही. मेफ्लोक्विन निम्मं व्हायला दोन ते तीन आठवडे घेतं, पिपेराक्विन तीन-चार आठवडे. क्विनिन त्या मानानं लवकर जातं. तरी क्विनिनच्या शेवटच्या डोसनंतर निदान १२ तास उलटल्याशिवाय मेफ्लोक्विन देत नाहीत, कारण दोन्ही एकमेकांवर आली तर आकडी येऊ शकते.

कधी ताप खरंच उतरला नाही आणि त्याचं कारण घरी शोधायचंच असेल, तर ते गोळीत नसून गोळी घेण्याच्या पद्धतीत सापडण्याची शक्यता जास्त. ल्युमेफॅन्ट्रिन रिकाम्या पोटी नीट शोषलंच जात नाही. प्रत्येक डोससोबत दूध किंवा स्निग्धांश असलेलं काहीतरी पोटात जायला हवं. तापात जेवण जात नाही म्हणून लोक नुसत्या पाण्यासोबत गोळी घेतात आणि इथेच अर्धा कोर्स वाया जातो. दुसरी गोष्ट वेळेची. एकूण सहा डोस असतात. पहिला घेतल्यावर दुसरा आठ तासांनी, मग २४, ३६, ४८ आणि ६० तासांनी. पहिला सकाळी ९ वाजता घेतला तर दुसरा त्याच दिवशी संध्याकाळी ५ वाजता, नंतरचे दोन दिवस सकाळी ९ आणि रात्री ९. आठ तासांचा तो दुसरा डोस ‘रात्रीच घेऊ’ म्हणून पुढे ढकलला जातो, तसं करू नये.

तिसरी गोष्ट उलटीची. डोस घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तर तो डोस पुन्हा घ्यायचा. मग पट्टीतला एक डोस कमी पडतो, तेवढ्या गोळ्या लगेच डॉक्टरांकडून लिहून घ्यायच्या. पुन्हा घेतलेलाही उलटला तर घरी खटपट करत बसू नये, अशा रुग्णाला इंजेक्शनची गरज असते. तुमच्या पत्रात दोन उलट्यांचा उल्लेख आहे, त्या डोसनंतर किती वेळानं झाल्या ते नाही. आठवत असेल तर डॉक्टरांना सांगा. क्लोरोक्विनपेक्षा ही माहिती त्यांच्या जास्त कामाची आहे.

चौथी गोष्ट गोळीच्या ताकदीची, आणि इथे चूक उलट्या बाजूनंही होते. हीच जोडी २०/१२०, ४०/२४० आणि ८०/४८० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या गोळ्यांत मिळते. ३५ किलो आणि त्याहून जास्त वजनाला एका डोसमध्ये ८०/४८० मिलिग्रॅम जायला हवं. म्हणजे सर्वांत लहान गोळ्या असतील तर चार, मधल्या असतील तर दोन, सर्वांत मोठी असेल तर एकच. ‘मागच्या वेळी चार घेतल्या होत्या’ म्हणून मोठ्या गोळ्या चार घेतल्या की चौपट डोस गेला. पट्टीवरचा आकडा वाचल्याशिवाय गोळ्या मोजू नका.

यापुढे २८ दिवसांच्या आत पुन्हा ताप आला, तर त्याच दिवशी काच तपासून घ्या. परजीवी दिसले तर तो कोर्स फसला असं धरतात आणि त्यावर दुसरं औषध *भर* म्हणून देत नाहीत. पहिलं संपलेलं असतं, त्याच्या जागी वेगळ्या जोडीचा पूर्ण कोर्स देतात. कोणती जोडी, हे आधी घेतलेल्या औषधांवरून ठरतं. त्यामुळे क्लोरोक्विन घेतल्याचं लपवू नका. अशा वेळी पिपेराक्विनची जोडी निवडायची की दुसरी, किंवा आधी ईसीजी काढायचा का, हे त्या एका वाक्यावर अवलंबून असतं. २८ दिवसांनंतर आलेला मलेरिया बहुधा नवीन समजतात आणि नेहमीचीच जोडी पुन्हा चालते. अपवाद मेफ्लोक्विनचा. ते ६० दिवसांच्या आत पुन्हा देत नाहीत, कारण भास, भीती, आकडी असे मेंदूवरचे परिणाम वाढतात. प्रतिबंधासाठी एखादं औषध नियमित घेत असताना मलेरिया झाला, तर उपचार वेगळ्या औषधानं करतात, हेही याच हिशेबातलं.

दीर जुन्या पट्टीतून उद्या प्रायमाक्विनही काढतील, म्हणून त्याबद्दल. फाल्सिपेरममध्ये ते एकदाच देतात. व्हायव्हॅक्समध्ये यकृतात दडून बसलेले परजीवी मारायला बहुधा १४ दिवस देतात. ज्यांच्या तांबड्या पेशींत जी-६-पीडी हे विकर कमी असतं, त्यांच्या पेशी या औषधानं फुटतात. लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते, डोळे पिवळे दिसतात, धाप लागते. ही कमतरता जन्मजात असते आणि एरवी कळतही नाही. म्हणून लांबचा कोर्स देण्याआधी तिची तपासणी करतात. गरोदर बाईला आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला प्रायमाक्विन देत नाहीत. टाफेनोक्विन हे याच गटातलं एका डोसचं औषध आहे. ते दोन-तीन आठवड्यांत कुठे निम्मं होतं, त्यामुळे त्रास झाला तरी ‘थांबवायचं’ म्हणजे काय थांबवणार? प्रायमाक्विन आणि टाफेनोक्विन एकत्र घ्यायचं नाही.

काही टकरी मलेरियाच्या दोन औषधांत नसतात, त्या मलेरियाच्या आणि दुसऱ्याच आजाराच्या औषधात होतात. क्षयावरचं रिफॅम्पिसिन ल्युमेफॅन्ट्रिनला इतक्या वेगानं शरीराबाहेर घालवतं की कोर्स पूर्ण करूनही उपयोग होत नाही. एचआयव्हीवरचं इफाव्हिरेन्झ अमोडियाक्विनसोबत यकृताला इजा करू शकतं. सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन ही मलेरियावरचीच आणखी एक जोडी. ती घेताना ५ मिलिग्रॅमची फॉलिक अॅसिडची गोळी चालू असेल तर ती औषधाचं काम हाणून पाडते. ०.४ मिलिग्रॅमच्या गोळीचा असा त्रास नाही. कोट्रायमोक्साझोल ही अँटिबायोटिक चालू असलेल्याला सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन देत नाहीत, कारण दोन्हींत सल्फा येतो. आम्लपित्तावरची अँटासिड आणि क्लोरोक्विन यांत चार तासांचं अंतर ठेवायचं. डॉक्सिसायक्लिन लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतलं तर पोटातच अडकून पडतं.

तापासाठी पॅरासिटामॉल चालतं. प्रौढाला ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम, दोन डोसांत निदान सहा तास. यकृताचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. डेंग्यू नाही हे नक्की होईपर्यंत आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिन नको.

सासूबाईंचं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हा क्लोरोक्विनचाच जवळचा भाऊ. ते रोज घेतात म्हणून त्यांना मलेरियापासून संरक्षण मिळतं असं धरू नका, प्रतिकार असलेल्या फाल्सिपेरमसमोर ते टिकत नाही. ताप आला तर इतरांसारखीच लगेच रक्ततपासणी. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात हे औषध चालू असल्याचं सांगायचं. त्याच्या जोडीला घरची क्लोरोक्विन तर अजिबात नको. पिपेराक्विन आणि क्विनिनही शक्यतो टाळतात, आणि ईसीजी काढून पुढचं ठरवतात. ताप आला म्हणून हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आदल्या दिवशी बंद करून फारसं काही साधत नाही, ते आठवडेच्या आठवडे शरीरात राहतं. त्यांना आधीपासून हृदयाचा त्रास, भोवळ किंवा घरात कोणाचा अचानक मृत्यू असा इतिहास असेल तर तोही सांगायला हवा.

कोणालाही कोर्स चालू असताना या गोष्टी दिसल्या तर गोळ्यांचा विचार सोडून थेट रुग्णालय गाठा: भोवळ येऊन पडणं, छातीत धडधड, आकडी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, धाप, काळपट लघवी, कावीळ, काहीच पोटात न टिकणं. क्विनिन घेणाऱ्याला कानात गुणगुण होते, ती त्या औषधासोबत येतेच. घाम सुटून गळून जाणं मात्र रक्तातली साखर उतरल्याचं असू शकतं, तेव्हा वाट बघत थांबू नका. जाताना घेतलेल्या सगळ्या औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणि प्रत्येक डोसची वेळ लिहिलेला कागद सोबत न्या.

मुलीसाठी गोळ्या ठेवू नका. तीन वर्षांच्या मुलाचा डोस वजनावर ठरतो (५ ते १५ किलोखाली २०/१२० ची एक गोळी, १५ ते २५ किलोखाली दोन) आणि तो काच किंवा कार्ड पॉझिटिव्ह आल्यावरच द्यायचा असतो. घरात आज जी क्लोरोक्विन उरली आहे ती आजच बाहेर काढा. क्लोरोक्विनच्या उपचाराच्या आणि विषाच्या मात्रेत अंतर फार कमी असतं. एवढ्या वयाच्या मुलांचे एक-दोन गोळ्या गिळून मृत्यू झाले आहेत, आणि लक्षणं अर्ध्या तासातही सुरू होऊ शकतात. उरलेल्या पट्ट्या औषधाच्या दुकानात किंवा दवाखान्यात परत घेत असतील तर तिथे द्या. तोवर कुलपात ठेवा, उंच फळीवर ठेवून भागणार नाही. मुलीनं एखादी गोळी तोंडात घातल्याची नुसती शंका आली, तरी लक्षणांची वाट न बघता तिला उचलून रुग्णालयात न्या, आणि पट्टी सोबत घ्या.